ताडपत्रावरचे वाईट अक्षर

थायलंडच्या फ्रे प्रांतातल्या एका विहाराच्या ग्रंथालयात ओरादीबाई सकाळी आठलाच येऊन बसल्या. काम साधे होते. एका जातककथेची पोथी वाचायची आणि शेवटच्या ताडपत्रावरचे लेखनवर्ष टिपून घ्यायचे. त्या वर्षावाचून त्यांचा प्रबंध तीन वर्षे अडला होता, आणि उद्यापासून छपराच्या दुरुस्तीसाठी पोथ्यांच्या पेट्या बंद होणार होत्या.

पण ते अक्षर!

"कोंबडी नाचलीय की काय पानावर?" बाई करवादल्या. "असल्याच्या हाती लेखणी दिली तरी कोणी?"

किल्ल्या सांभाळणारा नान मून दारात बसला होता. पूर्वाश्रमीचा भिक्खू; आता सत्तरीचा.

"हळू बोला बाई. बिचारा लेखनिक शेवटी लिहून जातो, अक्षर वाईट आहे, हसू नका, वाचाल तर पुण्यातला वाटा मला द्या. दिलात का?"

"काका, मी अभ्यासाला आलेय. पूजेला नाही."

"वाचता तर त्याचंच ना?"

बाईंनी कॅमेरा उचलला. निम्म्या पोथीचे फोटो काढून त्या जेवायला उठल्या.

चिकट भात खाऊन परतल्यावर त्यांनी पाचवे पान पुन्हा काढले. अक्षर गोल होते, सुबक होते. त्यांनी कॅमेऱ्यात पाहिले. पान तेच, किडीने खाल्लेला कोपरा तोच. अक्षर मात्र वेडेवाकडे.

"काका, पोथीला हात कोणी लावला?"

"कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला, आणि मी तुमच्यासमोर जेवत होतो."

"मग ही थट्टा कोणाची?"

सहावे पान सुबक. सातवेही. जुन्या कोरीव अक्षरांत असते ती काजळी न भरलेल्या, ताज्या खाचा. आठव्याला हात घातला तेव्हा खालच्या पानांतून आवाज आला. कर्र... कर्र... ताडाच्या ओल्या सालीचा वास सुटला. बाईंनी घाईने शेवटचे पान उपसले.

"काका... हे कोरं आहे."

"तिथवर पोचला नसेल अजून..."

बाईंनी गुडघे टेकले. श्रद्धेने नव्हे, वर्षासाठी.

"या वाचनाचं पुण्य तुम्हाला मिळो," त्या पुटपुटल्या. "बोलले त्याची क्षमा करा..."

आवाज थांबला. हातातल्या पानावर चार ओळी होत्या: विनवणी, नाव, आणि वर्ष. बाईंनी त्यावर बोट फिरवले. बोटाला कोवळा, ओलसर भुगा लागला. हे आज कोरलेले आहे, असे पाहणारा कोणीही म्हणाला असता. वर्ष मिळाले होते, आणि ते प्रबंधात कुठेही मांडता येणार नव्हते.

"झालं समाधान?" त्या पोथीवर खेकसल्या.

कर्र... आवाज आला तो पोथीतून नव्हे, शेजारच्या कॅमेऱ्यातून. त्यात चार प्रांतांतल्या सहाशे पोथ्यांचे फोटो होते, आणि पुण्याचा वाटा त्यांतल्या एकाही लेखनिकाला दिलेला नव्हता.