तोफेवरचे तांबडे पागोटे

हिरडगडाच्या पूर्व बुरुजावर उजाडले, तेव्हा गडावरच्या एकानेही आकाशाकडे पाहिले नाही. साऱ्यांच्या नजरा खालच्या खिंडीतल्या झऱ्यावर खिळल्या होत्या. वेढ्याला चौथा महिना चालू होता, गोळ्यांनी गडावरची टाकी फुटली होती, आणि बंडखोर किल्लेदाराच्या हट्टापायी शे-सव्वाशे बायकापोरांसह अवघा गड त्या बोटभर धारेवर तगून होता.

खिंडीपलीकडच्या मोर्चावरून दरबारी फौजेची मोठी तोफ त्या झऱ्यावर रोखलेली होती. तिचा गोलंदाज इनास डाबरे हा वसई प्रांतीचा किरिस्ताव. लहानपणी एका वृद्ध पाद्र्याने त्याला ओठ न हलवता, काही न मागता, देवापुढे नुसते बसायला शिकवले होते. पुढे पोटासाठी तो तोफखान्यात आला, तरी ते बसणे त्याने सोडले नाही. सूर्य माथ्यावर आला की आपले तांबडे पागोटे तो तोफेच्या तोंडावर ठेवी, झऱ्याकडे पाठ करी आणि घटकाभर गुडघे टेकून राही. छावणीत थट्टा होई. पण नेमबाजीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून सारे खपून जाई.

गडावरच्या कोंडाई कोळणीने ही वेळ हेरली होती. बायकांना घेऊन ती नेमकी त्याच घटकेत खाली उतरे. पाठीमागे घागरी वाजत, इनासला ते ऐकू येई, पण त्याने वळून कधी पाहिले नाही.

सुभेदार सटवोजी धुमाळांच्या मात्र हे ध्यानी आले, आणि एके सकाळी त्यांनी इनासला डेऱ्यात बोलावले.

"गोलंदाज, आज नेहमीसारखे पागोटे ठेवा, गुडघेही टेका. बाया झऱ्यावर जमल्या की उठून बत्ती द्या. पाणी तुटले म्हणजे गड आपसूक हाती येईल. दरबार तुम्हांस सोन्याचे कडे बहाल करील."

"सुभेदार, बुरूज दाखवावा, पाडून देतो. माझे हात रक्ताचे आहेत, हे मी रोज देवापुढे कबूल करतो. पण त्या बाया माझ्या प्रार्थनेच्या भरवशावर खाली येतात. तिचाच सापळा केला, तर मला देवापुढे बसायला तोंड उरणार नाही."

"तुम्ही नाही, तर दुसरा बत्ती देईल," सुभेदार थंडपणे म्हणाले.

इनासने मुजरा केला. मोर्चावर येऊन, भर उन्हात, साऱ्यांदेखत त्याने तोफेच्या कानात पोलादी मेख ठोकली. आता दारूला बत्ती पोचणे शक्य नव्हते. मग पागोटे तोफेवर ठेवून त्याने गुडघे टेकले. धरायला धावलेले शिपाई घटका संपेपर्यंत मागेच उभे राहिले. झऱ्यावर घागरी वाजत होत्या. घटका भरली तेव्हा त्यानेच उठून दोन्ही हात पुढे केले.

दिवस मावळायच्या आत त्याचा कडेलोट झाला. हे लिहिताना आजही जीव कळवळतो.

दुसऱ्या दिवशी मोर्चावर नवी तोफ आली, नवा गोलंदाज आला. तेच तांबडे पागोटे तोफेच्या तोंडावर ठेवून तो झऱ्याकडे पाठ करून बसला. बायका उतरू लागल्या, तोच कोंडाईने हात आडवा घातला.

"चल की मावशे, बसलाय त्यो," एक पोरसवदा सून म्हणाली.

कोंडाईने आपली रिकामी घागर कातळावर हलकेच आपटली. खिंडीपलीकडे त्या माणसाची मान किंचित वळली.

"न्हाई. ह्यो त्यो न्हाई," ती म्हणाली. "त्यो ऐकायचा, पर वळायचा न्हाई. आपला मानूस गेला गं."

जन्मात एक शब्द न बोललेल्या, शत्रूकडच्या गोलंदाजासाठी ती तिथेच रडली. मग रिकाम्या घागरी वर गेल्या.

तिसऱ्या दिवशी तहानेने दोन लेकरे दगावली, तेव्हा कुठे किल्लेदाराचा हट्ट मोडला. अभयवचन घेऊन गड खाली झाला. झरा दिसताच सारे ओंजळी करून धावले. कोंडाईने घागर भरली, पण ओठाला लावली नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाला तिने एवढेच विचारले, "त्यो कुठं पडला, दादा?" शिपायाने मान खाली घालून कड्याच्या पायथ्याकडे बोट दाखवले.

तिथल्या दगडांवर तिने सारी घागर ओतली. त्याच्या देवाचे नाव तिला ठाऊक नव्हते, म्हणून झऱ्याकडे पाठ करून ती नुसतीच गुडघ्यांवर बसली. मागे घागरींचा आवाज पुष्कळ वेळ चालला होता. तिने वळून पाहिले नाही.