विचारलं तेवढंच

"जोरात फुंका," म्हणत मी त्याच्या हातात श्वासाचा जोर मोजायची नळी दिली. दमेकऱ्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मी दुसरं काय समजणार? त्याने निमूट तीनदा फुंकलं.

"छाती ठणठणीत आहे तुमची."

"माहीत होतं. मी दवाखान्याचा नवा वकील, लुशियस. पेशंटांचे घरांचे खटले लढतो. टेबल मिळेपर्यंत इथे बसा म्हणाले."

"मग फुंकलंत कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून..."

तेव्हापासून माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. क्लीव्हलँडच्या या दवाखान्यात मी नर्स. आमच्या पेशंट मिस ओडेसांचा दमा कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता, कारण घराच्या भिंतींवर काळी बुरशी. त्यांच्या घरमालकाने गोऱ्यांच्या वस्तीतल्या आपल्या घरांच्या भिंती आठवडाभरात दुरुस्त केल्या. आम्हा काळ्यांच्या वस्तीत दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. म्हाताऱ्या बाईंनी तक्रार केली, तर घर सोडायची नोटीस! लुशियसने खटला घेतला आणि साक्ष माझ्या गळ्यात पडली.

महिनाभर तो माझी तयारी करून घेत होता.

"रेनिटा, विचारलं तेवढंच सांगायचं. हो, नाही, किंवा माहीत नाही."

"आणि वकिलाचा टाय वाकडा असेल तर?"

"कुणी विचारलंय?" असं म्हणाला, पण हात टायकडे गेलाच.

हा रोज उशिरापर्यंत साक्षीसाठी थांबतो की माझ्यासाठी? काही कळेना.

कोर्टात मी मिस ओडेसांच्या श्वासाच्या जोराचे आकडे वाचले. घरी कमी, बहिणीकडे राहिल्या की जास्त. मालकाचा वकील गोड हसला.

"या वकिलांबद्दल तुमच्या मनात काही आहे?"

मी शपथ घेतली होती. खोटं बोलले, तर आकडेही खोटे ठरणार, आणि मिस ओडेसांचं घर जाणार.

"...हो."

लुशियसच्या हातातले कागद खाली पडले.

"म्हणून आकडे बदललेत?"

"नाही. पहिले आकडे दोन वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा हे इथे नव्हतेच."

"आणि त्यांच्या मनात?"

"माहीत नाही."

"मला माहीत आहे," मागून मिस ओडेसा म्हणाल्या. न्यायाधीशबाईंनी त्यांना गप्प बसवलं, पण स्वतःचं हसू लपवत.

नोटीस रद्द झाली. भिंती महिन्याच्या आत साफ करायचा हुकूम निघाला.

बाहेर लुशियस समोर येऊन उभा राहिला. टाय वाकडाच.

"तुझं शेवटचं उत्तर, 'माहीत नाही'... मिस ओडेसांना बरोबर माहीत होतं. पहिल्या दिवशी फुंकलं ना, तेव्हापासून." तो अडखळला. "शुक्रवारी तळलेले मासे खायला येशील? माझ्याबरोबर?"

बोलायचं तर खूप होतं. पण मी विचारलं तेवढंच सांगितलं.

"हो."