निवडुंगांनी दिलेली ओ

जांभ्याचा डोंगर समुद्राकडे उतरतो तिथे उतारभर निवडुंग लावले होते आणि त्यांच्यात रेवतीचा नवरा रमला होता. सहा महिन्यांच्या संशोधनासाठी आलेल्या शशांकला तीन वर्षं झाली. या खेपेला रेवती ठरवूनच आली होती. एक तर त्याला सांगलीला घेऊन जायचं, नाही तर कायमचं मोकळं व्हायचं.

फाटकातच त्याची सहायक भेटली. केतकी. तरतरीत, हसरी. रेवतीच्या पोटात दुखायला तेवढं पुरे होतं.

"सर वर आहेत, मॅडम. हाक मारा ना."

"अहो!" रेवती ओरडली. नवऱ्याला अहो म्हणणाऱ्या बायका आता उरल्यात किती! तिनेही थट्टेत सुरुवात केली आणि तेच तोंडी बसलं.

शशांक आला नाही. पण उतारावर भराभर दिवे लागले. झाडाने श्वासाची छिद्रं उघडली की पेटणारा रंध्रदिवा प्रत्येक बुंध्याशी होता. फड्या निवडुंग, त्यांच्यामध्ये लावलेली कोरफड, घायपात, सगळे उजळले.

रेवतीचा चेहरा उतरला. "इथे यांना अहो कोण म्हणतं गं?"

"कोणी नाही!"

रेवतीने दिवे विझू दिले. "आता तू म्हण बघू."

केतकी गोरीमोरी झाली. "अहो!"

एकही दिवा लागला नाही.

"तुझाच आवाज लागतो त्यांना!" शशांक हसत खाली आला. "फवाऱ्याआधी रोज तोच ऐकवतो. आवाज ओळखून झाडं आधीच तयार राहतात. पाणी वाया जात नाही. दुष्काळी भागात केवढा उपयोग होईल!"

"माझा आवाज कुठून आणलात?"

"फोनवर निरोप ठेवायचीस ना? 'अहो, घरी कधी येताय?' अगदी स्वच्छ आवाज आहे बघ."

रेवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. केतकी असती तर निदान भांडता आलं असतं. या काटेरी झाडांशी काय भांडणार? तिला त्यांचा जीवघेणा हेवा वाटला. तिची हाक त्यांना पोचत होती आणि प्रत्येक हाकेनंतर त्यांना पाणी मिळत होतं.

"तो निरोप तुम्हीही ऐकत होतात ना?" तिने विचारलं.

"म्हणजे काय, रोज!"

"आणि एकदाही ओ द्यावीशी वाटली नाही?"