गोदामातला पहिला धडा

नेत्राला जर्मन शिकायचं होतं आणि तिच्या आईला, आनंदीबाईंना, ते मुळीच नको होतं. नेत्रा भिवंडीच्या एका दवाखान्यात नर्स. जर्मनीत नर्सना मागणी आहे, भाषेची परीक्षा तेवढी पास झाली की काम झालं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. वडील गेल्यापासून काल्हेरच्या त्या मोठ्या घरात मायलेकी दोघीच राहत होत्या.

"तू गेलीस का मी हाक मारली तं ओ कोन देल?" आनंदीबाई विचारायच्या. आईनं हो म्हटल्याशिवाय नेत्रा जाणार नव्हती.

शिकवणीला ड्युटीच्या वेळा आड यायच्या, म्हणून मोबाईललाच गुरू केलं. वाक्य ऐकायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. पण घरात टीव्ही, बाहेर ट्रकांचे हॉर्न, वर आईचं वाकडं तोंड. घरामागे त्यांच्याच शेतावर बांधलेलं गोदाम भाडेकरू गेल्यापासून रिकामं होतं. दुपारी त्याची किल्ली घेऊन ती तिथे जाऊ लागली. आत पुठ्ठ्याचा वास कोंडलेला, पत्रे तापलेले, आणि बोललेलं प्रत्येक वाक्य टोकाच्या भिंतीवरून फिरून यायचं. तिला ते फार आवडलं. सोबत कुणीतरी शिकतंय असं वाटायचं.

घशातून काढायचा एक आवाज तिला काही केल्या जमत नव्हता. एके दुपारी तिचं चुकलेलं वाक्य बरोबर होऊन परत आलं. पत्र्याची करामत, असं म्हणून तिनं सोडून दिलं. पण तसंच म्हणून पाहिलं, तर जमलं. स्वारी खूश झाली.

मग तिनं जर्मनमध्ये विचारलं, "तुझं नाव काय?" प्रश्न फिरून आला नाही. थोड्या वेळानं टोकाकडून आवाज आला, "नेत्रा."

मोबाईल घरी चार्जिंगला होता, म्हणजे आवाज त्याचा नव्हता. पळायला हवं होतं खरं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी तिचं जर्मन कळलं होतं, आणि तो आनंद भीतीला पुरून उरला.

परक्या भाषेचा पहिला धडा म्हणजे स्वतःची ओळख. चांगली शहाणी माणसंसुद्धा नाव, गाव, घरात कोण कोण, सगळं भडाभडा सांगून मोकळी होतात. नेत्रानंही सांगितलं. तिकडून जर्मनमध्ये प्रश्न यायचे, सावकाश, तिला कळतील असेच. आई काय करते? आई कुठे बसते? आई तुला कशी बोलावते?

हे शेवटचं सांगताना तिची तारांबळ उडाली. गावात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, ती कुणाची असेल सांगता येत नाही. म्हणून आई तीनदा हाक मारते आणि ती तिसरीला ओ देते. एवढं सगळं तिनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये समजावलं. 'ओ'साठी शब्द सापडेना, तेव्हा तो मराठीतच म्हणून दाखवला.

"ओ," तिकडून आलं. मग पुन्हा, जरा लांबवून, सराव करावा तसं.

दुसऱ्या दिवसापासून गोदामात नुसता तिचाच आवाज घुमू लागला. तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढे तिनं परीक्षा दिली, आणि निकाल लागला तेव्हा ती तडक घरी आली. आनंदीबाई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या.

"आई, मी पास झाले."

"मंग जा की."

नेत्राला खरं वाटेना. "आणि तू? एकटी राहशील?"

"एकटी कशी? ती हाय ना. तू ड्युटीवर असलीस का ती ओ देते."

"कोण ती?"

आईनं हातातला वाल खाली ठेवला आणि मान मागच्या दाराकडे वळवून हाका मारल्या.

"नेत्रा."

"नेत्रा."

नेत्रानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"नेत्रा."

"ओ," मागच्या अंगणातून तिचाच आवाज आला.

आनंदीबाई समाधानानं हसल्या. "तू बॅग भराय घे," त्या म्हणाल्या. "तंवर ती बसते माझ्यापाशी."