पाच अंशांची सरळ रेषा

"औषध मेलं तरी बाटली मरत नाही, पोरी. बाटली हसतच असते. तिच्या तोंडावर जाऊ नकोस."

तीस वर्षांपूर्वी नर्सिंगच्या वर्गात ऐकलेला, शिकवणाऱ्या बाईंचा आवाज. खर्जातला, विड्याने रंगलेला. शांती सिस्टरना तो आज विचुंबे गावातल्या एका स्वयंपाकघरात पुन्हा ऐकू आला. निशाने फ्रिजचं दार उघडलं आणि आतल्या वासाने दोघींनी नाकाला पदर लावला.

कोथिंबिरीची जुडी काळी, शेवाळासारखी चिकट झालेली. काकड्या फुटून त्यांचं पाणी खालच्या ट्रेमध्ये साचलं होतं आणि त्यावर पांढरी बुरशी तरंगत होती. चार अंडी उभी तडकलेली. बलक ओघळून जाळीवर वाळला होता.

"दाजींना ॲडमिट केल्यापासून कुणी उघडला नाही," निशा म्हणाली. "तीन दिवस झाले, सिस्टर."

दाजी तिचे सासरे. गेल्या शुक्रवारी ओटीवर बसल्या बसल्या ते कोसळले. साखर इतकी चढली होती की यंत्राला आकडा दाखवता येईना. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली होती. पाय वाचतो का, हे डॉक्टर उद्या सांगणार होते.

इन्सुलिन महिनाभर चालूच होतं. रोज दोन वेळा निशाच टोचत होती. पण निशाच्या नवऱ्याने, भावेशने, ती बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, हे तर पाणी आहे. बायकोनेच औषध ओतून पाणी भरलं. तिला म्हाताऱ्याची सेवा नको होती. संध्याकाळी पोलीस ठाण्यात तसं लिहून द्यायचं ठरलं होतं. तासाभरापूर्वी निशाने आरोग्य केंद्रात फोन केला होता. "सिस्टर, येता का? माझं कुणी ऐकत नाहीये."

भावेश आत आला. मागोमाग त्याची आई, हौसा, दारातच थांबली. पंचक्रोशीतल्या लग्नांत धवले गाणारी बाई, एकदा तोंड उघडलं की मांडव भारून टाकणारी. आज ओठ शिवल्यासारखे.

"बघा, सिस्टर." भावेशने बाटली पुढे केली. "हे औषध दुधासारखं दिसायला हवं ना? वर सगळं पाणी."

"खाली काय आहे?"

"काय असणार? कचरा."

शांतीबाईंनी बाटली हलवली. तळातून पांढरे कण उठले, ताक फुटल्यासारखे गरगरले आणि पुन्हा खाली बसले. दुधाळ काही झालं नाही.

"निशा, अजून बाटली आहे घरात?"

"दारातल्या कप्प्यात. न उघडलेली."

त्या बाटलीचं प्लॅस्टिकचं टोपण जसंच्या तसं होतं. शांतीबाईंनी तीही हलवली. तेच पाणी, तेच कण. मग वाटेत दुकानातून घेतलेली नवी बाटली पिशवीतून काढून हलवली. ती एकसारखी दुधाळ झाली.

"टोपण न काढता हिने आत पाणी कसं भरलं रे, भावेश?"

भावेश हसला. "मग लाईट जाऊन फ्रिज गरम झाला असेल. नाहीतर दुकानदाराने खराब माल दिला."

"फ्रिज गरम झाला असता तर पहिलं काय नासलं असतं? निशा, दूध कधीचं आहे?"

"गुरुवारचं."

शांतीबाईंनी दुधाच्या पिशवीचं तोंड कापून वास घेतला. "आंबलेलं नाही. गरमीने अंडं उभं तडकत नाही, भावेश. काकडीचं पाणी होत नाही. हे सगळं आधी गोठलं आणि मग वितळलं. इन्सुलिनही गोठलं. गोठलं की ते मेलं. निशा इतके दिवस सासऱ्यांना मेलेलं औषध टोचत होती. तिला काय ठाऊक?"

निशा ओट्याला धरून खाली बसली.

"शक्यच नाही," भावेश म्हणाला. "हा फ्रिज माझ्या बॉक्सवर चालतो."

फ्रिजच्या डोक्यावर डब्याएवढी पेटी होती. आत बोटभर लांबीचा मायक्रोकंट्रोलर, हिरवा दिवा, वीज जोडणारा-तोडणारा निळा रिले. एक वायर फ्रिजच्या पोटात गेलेली. फ्रिजची थंडी राखणारी मूळ कळ काढून भावेशने हे घरीच बसवलं होतं. आत पाच अंशांच्या वर गेलं की पेटी फ्रिज चालू करणार, खाली आलं की बंद. जगात कुठूनही फोनवर दिसणार. दाजींच्या औषधासाठीच केलंय, असं तो गावभर सांगत होता.

त्याने फोन पुढे धरला. "महिन्याचा ग्राफ. बघा. पाच, पाच, पाच."

शांतीबाईंनी चष्मा लावला. सुरुवातीचे दहा दिवस रेषा वरखाली नाचत होती, साडेतीन, सहा, साडेपाच. अकरा तारखेला ती थेट उणे चारवर कोसळली होती. बारा तारखेपासून मात्र रेषा दोरी ताणल्यासारखी सरळ. पाच. फक्त पाच.

"अकराचं हे काय?"

"सेन्सरची वायर सैल होती. दुसऱ्या दिवशी नीट केली."

"मग सोळा तारखेला दहा ते तीन काय झालं होतं?"

"काय?"

"सबंध विचुंब्यात लाईट नव्हती. दुरुस्ती होती. माझ्या लसींच्या फ्रिजची वही मी रोज दोनदा हाताने लिहिते. त्या दिवशी सकाळी तीन पूर्णांक आठ, संध्याकाळी सहा पूर्णांक एक. बर्फाच्या पिशव्या लावूनसुद्धा. आणि तुझी पेटी लाईट नसताना पाच तास पाच अंश लिहीत बसली?"

भावेशने फोन खिशात घातला.

"खरा फ्रिज श्वास घेतो, बाबा. त्याची रेषा कधीच सरळ नसते. ही तू काढलीस. अकराला तुझा रिले चिकटला, फ्रिज बंदच होईना, सगळं गोठलं. बाराला तुला कळलं. दुरुस्त का नाही केलंस?"

"करत होतो ना! दोनदा रिले बदलला, पुन्हा चिकटायचा." त्याचा आवाज चढला. "बावीस मेडिकलवाले बॉक्स घेणार होते. महिनाअखेरीला खांदा कॉलनीत डेमो होता, ते लाइव्ह ग्राफ बघणार होते. घरच्याच फ्रिजमध्ये फेल झालाय असं सांगू?"

"जुनी कळ परत जोडायची होतीस. औषध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायचं होतंस. नवी बाटली आणायची होतीस."

"थोड्याच दिवसांचा प्रश्न होता. दाजींना एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

"वीस दिवस बापाचा अंगठा सडताना बघितलास. आणि तो पडल्यावर कळ परत जोडलीस, म्हणून तर आता सगळं वितळलंय; मग बाटली उजेडात धरलीस आणि बायकोचं नाव घेतलंस."

शांतीबाईंनी दोन्ही खराब बाटल्या ओट्यावर ठेवल्या.

भावेश भिंतीकडे बघत म्हणाला, "हे सगळे तुमचे अंदाज. बाटल्या गोठलेल्या कुणी पाहिल्यात? निशाने पाहिल्या? विचारा तिला."

निशाने मान हलवली. "माझ्या हातात यायच्या तेव्हा पातळच असायच्या. फ्रिज आईच बघायच्या, त्याच काढून द्यायच्या."

सगळे दाराकडे वळले. हौसाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"आई, तू गप ऱ्हा," भावेश म्हणाला. विचुंब्याची बोली त्याच्या तोंडी आज पहिल्यांदा आली.

"गपच हाय ना रे. तीन दिस गप हाय." हौसा उंबरा ओलांडून आत आली आणि सुनेच्या शेजारी फरशीवर बसली. "सिस्टर, मी पायलंय. बाटलीवर बर्फ धरायचा. आत दगड. मी पोटाशी धरून वितळवायची, पदरानं पुसायची, मंग हिच्या हातात द्यायची. हा बोल्ला, आई, जेवढं गार तेवढं चांगलं, पन निशाला सांगू नको, उगा ओरडंल. मना खरं वाटलं. मासली बर्फात टिकते, तसं औषद पन टिकंल."

"आणि दाजी पडले तेव्हा?"

"तवा समजलं मना. यानं हिच्यावर घातलं, तवा लगीच समजलं." तिने निशाकडे बघितलं नाही. "माजा पोरगा हाय म्हनून मी हिला बुडू दिली. हिनं एक थेंब सांडला नाय, सिस्टर. मना ठाव होतं. चला ठाण्यात. मीच सांगते."