कॉन्टेसाचा आरसा

"गाडी इकायची न्हाई म्हंजी न्हाई!" चंद्रभागानं परात आपटली.

"सौदा झालाय. सकाळी पुण्याचं ते पोरगं येतंय."

"सौदा तुमी केला. मला इचारलं का?"

"तुला काय इचारायचं? कधी बसत न्हाईस त्या गाडीत. नुसती मागच्या सीटची खोळ धुतीस अन् घालतीस."

"ती खोळ धुती म्हणून जिती हाय मी!"

दोघांच्या मधे मी बसले होते. मोहन माझा धाकटा भाऊ, चंद्रभागा त्याची बायको. येळवसीला, शेतातल्या पूजेच्या सणाला म्हणून मी धर्मापुरीला गेलते. तीस डिसेंबर दोन हजार चोवीस, सोमवारची अमावास्या, रात्रीचे साडेनऊ. भज्जी-आंबिलीची भांडी अजून घासायची होती. पोरांनो, मी भुतंखेतं मानत नाही, मानणाऱ्यांना तोंडावर हसते. पण त्या रात्री माझ्या या हाताला जे लागलं, ते सांगते. पटलं तर घ्या.

आधी गाडीचं ऐका, तिच्यावाचून गोष्टच नाही. कॉन्टेसा. तुम्हाला नाव ठाऊक नसेल. आपल्याकडे जीप नाहीतर ॲम्बेसेडर, एवढंच दिसायचं तेव्हाची ही गाडी. तिचा साचा विलायतेचा, तिकडं जुना झालेला. नंतर तिला जपानी इंजिन बसवलं, अठराशे सीसीचं. लांब नाक, मखमली सीटा, मागच्या काचेला पडदे. कलेक्टर नाहीतर चेअरमन असला तरच आत बसणार. मोहन एका कारखान्याच्या सायबाकडं हीच पांढरी कॉन्टेसा बावीस वर्षं चालवायचा. दोन हजार दोन साली कंपनीतून तसल्या गाड्या निघायच्याच बंद झाल्या. पुढं सायेब वारले, पोरांनी उंच उंच गाड्या घेतल्या आणि ही भंगारात काढली. मोहननं भंगाराच्या भावात घेऊन गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी केली. गाव हसलं. "ड्रायव्हरानं सायबीण घरात आणली बे!"

आता त्याच सायबिणीभोवती पुण्याचा हरिओम तीन चकरा मारून गेला होता. जुन्या गाड्या जमवायचा नाद त्याला. "काका, मूळ रंग, मूळ चाकाच्या टोप्या, रेडिओसुद्धा मूळचा! अशा राज्यात बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात." नऊ लाख म्हणाला. एकच गोष्ट त्यानं विचारली, "आतला आरसा असा छताकडे का?"

"सवय," मोहन म्हणाला.

ती सवय अशी. सायबाचा ड्रायव्हर मागं बघत नसतो. सायेब कुणासंगं बसलेत, घोरतायत का रडतायत, हे त्यानं बघायचं नाही. गाडीत बसलं की मोहन पहिल्यांदा आतला आरसा छताकडं करायचा आणि बाहेरच्या आरशांवर चालवायचा. बावीस वर्षं. हात आपोआप वर जायचा.

सहा वर्षांमागं वर्षाराणी, त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलती. सातवा महिना. चंद्रभागा त्या दिवशी युसूफ वडगावला भावाकडं गेलेली. रात्री पोरीचं दुखायला लागलं. बापानं तिला कॉन्टेसात मागं निजवलं आणि अंबाजोगाईला निघाला. दोघंच. वाटभर तो बोलत होता. दवाखान्याच्या दारात उतरला, ड्रायव्हरासारखं मागचं डावं दार उघडलं... पोर गेलेली होती.

तेव्हापासून चंद्रभागा एकच विचारायची, "वाटंत ती कधी गेली, तुमाला कळलं कसं न्हाई?" आणि मोहन ताटावरून उठून जायचा.

आता येळवसीच्या संध्याकाळचं. गाडी सकाळी द्यायची म्हणून मोहन ती अंबाजोगाईला धुवून, चाकात हवा भरून परत येत होता. साडेसात झाले असतील. चंद्र नाही. लांब शेतांतून गवताचे पेटते हेंडगे घेऊन माणसं फिरत होती. घाटनांदूर मागं पडलं. रस्ता मोकळा.

त्याच्या सीटच्या पाठीला मागून वाजलं.

टक. टक.

लहानपणी, सायेब गाडीत नसले की, वर्षा मागं बसून दोन बोटांनी तिथंच वाजवायची. बाबा, हॉर्न वाजवा.

मोहननं मागं बघितलं नाही. मग आरसा खाली आला. आपोआप. हळू... कुणी बोटानं ओढावा तसा. मोहननं वर केला. परत आला. परत वर केला.

टक. टक.

गावाजवळ आल्यावर आरसा तिसऱ्यांदा खाली आला. त्यानं डोळे मिटले. ब्रेक दाबला. दार उघडं टाकून पळाला.

हे सगळं त्यानं मला अंगणात सांगितलं. बायकोला एवढंच म्हणाला, "गाडी रस्त्यात बंद पडली. सकाळी तिथूनच जाऊ दे." त्यावरून ही परात आपटली होती.

"बंद पडली म्हणं! तोंड बघा तुमचं. कशाला भ्यालाव ते सांगा की!"

मोहननं परात उचलून बाजूला ठेवली.

"आरसा वर होता," तो म्हणाला.

"काय?"

"त्या रातीला. सवयीनं केलता. घाटनांदूरच्या पुढं तिनं दोनदा सीट वाजवली. मला वाटलं, पाय लागला आसंल. मी म्हनलो, आलंच बग बाळा, आलंच... अन् मागं बघितलंच न्हाई. आज परत तसंच वाजलं, आरसा आपोआप खाली आला."

चंद्रभागा उठली. पदर डोक्यावरून घट्ट घेतला, बॅटरी पेटवली आणि गाडीकडं चालू लागली. मागून मी. माझ्यामागं मोहन.

गाडी तशीच उभी होती. ड्रायव्हरचं दार उघडं. टपावर दव. दोन तासांची थंडी आत शिरलेली, स्टेअरिंग बर्फासारखं. आरसा खाली होता. म्हटलं, स्क्रू ढिला झाला असेल. हलवून बघितला. दोन्ही हात लावले तरी हलेना.

चंद्रभागानं मागचं डावं दार उघडलं. खोळीवर हात ठेवला... आणि तसाच राहू दिला.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "हात लावा."

मी लावला.

खोळ ऊन होती. आता कुणी उठून गेल्यासारखी. पुढची सीट चाचपली. गार. शेजारची चाचपली. गार. परत मागं हात लावला...

ऊन.

मोहन रस्त्याच्या कडेला मान खाली घालून उभा होता. "चंद्रभागा," तो म्हणाला, "आता तूच सांग. इकायची का न्हाई?"

ती आत जाऊन बसली, त्याच जागी. मान वर करून आरशात बघितलं. मीही वाकून बघितलं. तिथून दुसरं काहीच दिसत नव्हतं, फक्त ड्रायव्हरची जागा.

खोळीची सुरकुती तिनं हातानं सारखी केली. मग म्हणाली, "इका, पण पुण्यापातुर तुमीच चालवत न्या, अन् आरसा वर करू नका... पोरीला तुमचं तोंड बघायचं ऱ्हायलंय."