मागच्या बाकावरची साखर

आम्हा ज्यूंमध्ये शपथ घेत नाहीत, म्हणून घेत नाही. पण हे घडलंय. माझ्यासोबत.

१९३२ चा मार्च. ब्रुकलिनमधलं ब्राउन्सव्हिल. दुपार कलली होती.

माझा धाकटा भाऊ झिस्किंड टोळीवाला. दारूबंदीत चोरून दारू आणायचा. एका गॅरेजमध्ये त्याला गोळ्या घातल्या.

मृताच्या नावाने अकरा महिने रोज म्हणायची आमची प्रार्थना म्हणजे कद्दिश. दहा पुरुष जमले तरच म्हणता येते. त्याला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी एकदाही म्हटलं नाही.

मी प्रार्थनाघराचा सेवक. लोक काय म्हणतील? हिवाळ्यात शेगडीतला कोळसा मात्र त्याने पाठवलेलाच असायचा. कोळसा घेतला, नाव नाही घेतलं.

त्या दिवशी अकरा महिने संपत होते.

आदल्या रविवारी गेत्सल शिंप्याने मला सिनेमाला ओढून नेलं होतं. पडद्यावर एक टोळीवाला. टोपी तशीच तिरकी. चहा पिताना साखरेचा खडा तसाच दातांत धरलेला. फक्त नाव इटालियन, आणि आईच्या गळ्यात क्रूस.

"येखिएल, हा तर तुझा झिस्किंड."

"नाव ऐकलंस ना? त्यांच्यातला आहे तो."

"अस्तर बदललंय रे. कापड ओळखतो मी."

"मी नाही ओळखत त्याला," मी म्हणालो.

आणि मला हायसं वाटलं. देवा, खरंच हायसं वाटलं.

तेवढ्यात मागून...

कट्ट.

दातांत साखर फुटल्याचा आवाज.

वळून पाहिलं. मागची रांग रिकामी होती.

तर, तो शेवटचा दिवस. गावोगाव फिरणारे प्रवचनकार रेब पिन्खस आले होते. त्यांचं सुरातलं प्रवचन म्हणजे माझा जीव. पण त्या दिवशी ते गात होते एका विसरलेल्या जिवाबद्दल... जो दाराशी उभा राहतो आणि कोणी 'ये' म्हणत नाही.

मला वर बघवेना.

प्रवचन संपवून ते म्हणाले, "येखिएल, बघ बरं, दहा भरले का?"

आम्ही माणसं आकड्यांनी मोजत नाही. दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचा.

दहावा शब्द मागच्या बाकावर पडला. कोणीतरी कॉलर वर करून बसलं होतं.

"भरले," मी म्हणालो.

प्रार्थना झाली. रेब म्हणाले, "ज्याला कद्दिश म्हणायचंय, त्याने उभं राहावं."

मी मान खाली घातली.



आणि मागून कद्दिश सुरू झालं. हळू. लहानपणी मीच शिकवलेलं. ज्या शब्दावर तो अडखळायचा, त्याच शब्दावर अडखळत.

स्वतःचं कद्दिश तो स्वतःच म्हणत होता.

सगळे 'आमेन' म्हणाले. माझा आवाज फुटला नाही.

बाहेर पडताना गेत्सलने दंडाला धरलं. "शेवटी म्हटलंस. बरं केलंस."

"मी नाही म्हटलं. मागच्या बाकावरचा..."

"मागे कोण होतं? मला तर वाटलं, आज दहावा म्हणून तू स्वतःलाच धरलंस."

मी स्वतःला धरलंच नव्हतं. वळून पाहिलं, तर मागचं बाक रिकामं होतं. त्यावर साखरेचा अर्धा खडा.

ओला.

आता मी त्याच्यासाठी रोज कद्दिश म्हणतो. मुदत केव्हाच संपली. दहा माणसं नीट पाहून घेतो, मला धरून. म्हणून झालं की मागच्या बाकाकडे कान देऊन थांबतो.

तिकडून 'आमेन' अजून एकदाही आलेलं नाही.